मासे सोडण्याआधी पाणी राखू या
(सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



शिष्यवृत्त्या, वसतिगृह आणि दवाखाना या विषयांवर अधिकारी वक्ते बोलून गेल्यावर आम्हां गळ टाकणाऱ्यांना व्यासपीठावर बोलावण्यात कार्यकारी मंडळाचा उदारपणा आहे की विनोदबुद्धी, हे आम्हांस अजून उमगलेले नाही. काहीही असो, आम्ही आभारी आहोत. पाण्याकाठी गप्प बसणे हा आमचा धर्म असल्यामुळे बोलण्याची सवय कमी आहे. चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

आम्ही म्हणजे सात-आठ जण. कोणी रंगाईच्या कारखान्यात हिशेब लिहितो, कोणी लूम दुरुस्त करतो, कोणी शाळेत शिकवतो, एक जण रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत. रविवारी पहाटे काठी, दोरी आणि कणकेच्या गोळ्या घेऊन आम्ही तापीच्या काठी किंवा एखाद्या खाडीच्या तोंडाशी जाऊन बसतो. निम्मे रविवार आम्ही रिकाम्या हाताने परततो, हे आमच्या घरच्या मंडळींकडून आपल्या कानी आलेच असेल. पण आज विषय आमच्या छंदाचा नाही. या वर्षी महोत्सव निधीतून थोडी रक्कम आमच्या हाती देण्याचे न्यासाने ठरविले आहे. तिचा विनियोग कसा व्हावा, याविषयी आमचे मन मधल्या काळात बदलले. ते का बदलले, हे सर्वांसमक्ष सांगणे आमचे कर्तव्य आहे.

प्रथम नदीविषयी दोन शब्द. तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून डुमसजवळ समुद्राला मिळते. त्यांपैकी २८२ किलोमीटर मध्य प्रदेशात, २२८ महाराष्ट्रात व २१४ गुजरातेत, अशी तिची वाटणी आहे. पण ज्या भूमीवरचे पावसाचे पाणी तिला मिळते, त्या ६५ हजार चौरस किलोमीटरच्या खोऱ्याचा सुमारे चार पंचमांश भाग एकट्या महाराष्ट्रात आहे. म्हणजे सुरतेच्या नळाला येणारे बरेचसे पाणी पूर्णा, गिरणा, बोरी, पांझरा, अनेर आणि गोमाई यांनी खाली धाडलेले असते. आपल्यातील पुष्कळ कुटुंबे याच नद्यांच्या काठची. ताप्ती व्हॅली रेल्वेने कोणाचे आजोबा आले, कोणाचे वडील आले, कोणी स्वतःच ट्रंक घेऊन उधन्याला उतरले. चांगदेवाच्या संगमावर जिने आपल्या पणज्यांना स्नान घातले आणि प्रकाशाला दक्षिण काशीचा मान मिळवून दिला, तीच नदी येथे आपल्या घागरीत येते. आपण परमुलखात आलो असे म्हणतो, पण नदीच्या हिशेबाने पाहिले तर फक्त खालच्या अंगाला येऊन राहिलो.

आमचा मूळ बेत असा होता. तापी जयंतीच्या दिवशी, आषाढ शुद्ध सप्तमीला, वाजतगाजत ओवाऱ्यावर जावे, रोहू, कटला, मृगळ यांच्या बीजाचे पन्नास हंडे नदीत सोडावे, छायाचित्रे काढावी आणि ती या स्मरणिकेत छापावी. बेत सर्वांना आवडला होता. आम्हांलाही आवडला होता. पण बीज कोणते घ्यावे, याची चौकशी करता करता आम्ही इतर ठिकाणच्या गळमंडळांची हकीकत वाचू लागलो आणि तेथे आमचा उत्साह प्रथम अडखळला.

या हकीकतींत ट्राऊट नावाच्या माशाचे नाव वारंवार येते. हा थंड, स्वच्छ, खळाळत्या ओढ्यांचा मासा आहे. आपल्याकडे तो मूळचा नव्हे. काश्मीरमध्ये तो इंग्रजी अमदानीत आला. १८९९ साली विलायतेहून पाठविलेली अंडी वाटेतच खराब झाली, १९०० साली दुसरी खेप सुखरूप पोहोचली आणि तेथून त्याचा वंश वाढला. नीलगिरीत कित्येक वर्षांच्या फसलेल्या प्रयत्नांनंतर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो रुजला. जेथे ट्राऊट तेथे गळकऱ्यांची मंडळे, आणि जेथे मंडळ तेथे नियम : परवाना घ्यावा, विणीच्या हंगामात गळ टाकू नये, ठराविक मापाहून लहान मासा परत सोडावा.

यांपैकी एका मंडळाची गोष्ट आम्हांस फार उपयोगी पडली. १९५९ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात ऑ सेबल नदीच्या काठी सोळा गळकरी जमले. त्यांचे सरकार दरवर्षी हौदात वाढविलेले ट्राऊट नदीत ओतत होते आणि लोकही खूष होते. या सोळा जणांनी तक्रार केली ती मासे कमी सोडता म्हणून नव्हे, तर ओतलेल्या माशांच्या भरवशावर नदीकडे दुर्लक्ष होते म्हणून. नदी नीट असेल तर मासे आपोआप वाढतील आणि नीट नसेल तर कितीही ओतले तरी ते टिकणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे. त्यातूनच ट्राऊट अन्लिमिटेड ही संस्था उभी राहिली, आणि ओढ्यांचे काठ सांभाळणे, त्यांवर झाडे लावणे, अडलेले प्रवाह मोकळे करणे, हेच तिचे मुख्य कार्य झाले.

येथे कोणी म्हणेल, ते थंड देश, आपली तापी उन्हाळ्यात चुलीवर ठेवल्यासारखी, आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्याला अधिक जड जाणारा आहे. माशालाही श्वासाला प्राणवायू लागतो आणि तो पाण्यात विरघळलेला असतो. दहा अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात तो सुमारे अकरा मिलिग्रॅम मावतो. तीस अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपासच मावतो. म्हणजे आपल्या नद्यांची शिल्लक मुळातच कमी. त्यात सांडपाणी आले की ते कुजविणारे सूक्ष्म जंतू ही शिल्लक झपाट्याने संपवितात. जलपर्णीने पाणी झाकले तर हवा आणि ऊन दोन्ही अडतात. रात्री वनस्पतीही प्राणवायू खर्च करतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. सूर्योदयापूर्वी मासे तोंड वर काढून धापा टाकताना आम्ही अनेकदा पाहिले आहेत. नऊ वाजता नदीवर येणाऱ्याला ते दिसत नाहीत.

आता आपल्या स्वतःच्या माशाकडे वळू. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील एका मोठ्या खवल्यांच्या माशाचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला 'खुदरी' हे नाव दिले. हाच आपला दख्खनी महसीर. गळकरी लोकांत त्याची कीर्ती थोर. पण त्याला सांभाळले ते गळकऱ्यांनी नव्हे, तर भाविकांनी. वाडा तालुक्यात तिळसे येथे महादेवाच्या देवळापुढे वैतरणेच्या पात्रात हे मासे राखलेले आहेत. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. तेथे वरदायिनी देवीच्या डोहात ते निर्भयपणे फिरतात, कारण देवीचे मासे म्हणून त्यांना कोणी हात लावीत नाही. काठी नाही, परवाना नाही, शिपाई नाही. फक्त एवढा डोह आपला नव्हे, असे गावाने मानले, आणि मासा टिकला.

पुढे शास्त्रानेही हात दिला. मत्स्यव्यवसाय खात्याचे माजी संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीच्या तलावांवर या माशाचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. हे मराठी माणसाचे मोठे काम, त्याचा आम्हांला अभिमान आहे. धरणांमुळे आणि सुरुंगांमुळे विरळ झालेला मासा हजारोंच्या संख्येने वाढविता येऊ लागला आणि त्याची पिल्ले दूरदूरच्या नद्यांत गेली.

त्यांतली काही १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कर्नाटकात कावेरीत सोडण्यात आली. सोडणारे गळप्रेमीच होते, आणि त्यांचा हेतू शुद्ध होता. पण कावेरीत तिचा स्वतःचा एक महसीर होता, पाठीला कुबड असलेला, जगातील सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. १९४६ साली कबिनी नदीत १२० पौंडांचा असा मासा गळाला लागल्याची नोंद आहे. पाहुणा मासा वाढत गेला आणि घरचा कमी होत गेला. त्या कुबड्या माशाची शास्त्रीय ओळख २०१८ साली नक्की झाली आणि त्याच वर्षी अत्यंत संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत त्याचे नाव गेले. धरणे, वाळूउपसा, सुरुंग ही कारणेही होतीच. परंतु प्रेमाने सोडलेल्या माशाचा त्यात हात होता, असे अभ्यासकांचे मत आहे.

हे वाचल्यावर आमचे पन्नास हंडे आम्हांला जड झाले. जेथे कावेरीवरची जाणती मंडळी चुकली, तेथे आम्ही कोण लागून गेलो? बीज कोठले, त्यात दुसऱ्या जातीची भेसळ आहे की काय, ते ज्या पाण्यात पडणार त्या पाण्यात पहाटे प्राणवायू किती, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. म्हणून तो बेत आम्ही आज सर्वांसमक्ष मागे घेत आहो.

मग करावे काय? आपल्या तापीची स्थिती पाहू. समुद्रातून गोड्या पाण्यात चढून अंडी घालणारा पाला मासा येथल्या नद्यांच्या मुखांचा जुना पाहुणा. गुजराती बांधव त्याला पालवा, चाकसी म्हणतात. तापीवर १९५४ च्या सुमारास काकरापारचा बंधारा झाला, १९७२ साली उकाईचे धरण झाले, १९९५ साली शहरातच सिंगणपोरचा बंधारा झाला. या कामांनी शेतीला पाणी दिले, वीज दिली, आपल्या नळाला खारे पाणी येऊ दिले नाही. त्यांना नावे ठेवणारे आम्ही नव्हे. पण माशाची वाट त्यांनी बंद केली, हेही खरेच आहे. बंधाऱ्याच्या वर पाणी साठून राहते, त्यात जलपर्णी माजते आणि महापालिकेला ती काढत बसावे लागते. ऑगस्ट २००६ च्या महापुरात नदी आपल्या घरांत शिरली. तेव्हापासून पुष्कळांनी तिच्याकडे पाठच फिरविली. पुलावरून निर्माल्याची प्लास्टिक पिशवी भिरकावण्यापुरतेच आपण तिच्याकडे वळतो.

खाड्यांची कथा याहून वाईट. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सचिनच्या औद्योगिक वसाहतीजवळ एका टँकरमधून नाल्यात रसायन ओतले जात असता विषारी वायू सुटला आणि सहा कामगार प्राणास मुकले. ते आपल्यासारखेच पोटासाठी या शहरात राहणारे लोक होते. पाण्यात काय ओतले जाते हा माशांचा प्रश्न आहे, आपला नव्हे, असे म्हणण्याची सोय त्या पहाटेनंतर उरली नाही. पाण्यात विष कालवून मासे मारणे १८९७ च्या मत्स्य कायद्यानेच गुन्हा ठरविले. सव्वाशे वर्षे उलटली तरी तोच धडा आपण गिरवीत आहो.

आमचा स्वतःचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका रविवारी एका खाडीच्या तोंडाशी आम्हांला मेलेल्या मासळीचा खच दिसला. पाण्याला उग्र वास होता. आम्ही तावातावाने एका कार्यालयात गेलो. तेथील गृहस्थांनी शांतपणे विचारले, "किती वाजता पाहिले? पाण्याचा रंग कसा होता? आदल्या रविवारी कसा होता? नेहमी कसा असतो?" आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. वर्षानुवर्षे त्याच काठावर बसणारे आम्ही, पण नेहमीचे पाणी कसे असते, याची एक ओळ आमच्याजवळ लिहिलेली नव्हती. तक्रार तेथेच राहिली. त्या वेळी आम्ही त्या गृहस्थांना पुष्कळ बोल लावले. आज वाटते, प्रश्न त्यांनी योग्यच विचारले होते.

त्या दिवसापासून आम्ही एक नोंदवही ठेवली. साधी दोनशे पानी वही. तीत तारीख, वेळ, जागा, पाण्याचा रंग, वास, उष्णता, जलपर्णी, दिसलेले मासे आणि पक्षी, एवढेच लिहितो. पांढरी थाळी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की दोरी मोजायची, म्हणजे पाण्याचा गढूळपणा कळतो.

या वहीचे लेखनिक कोण, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. निधीचा विषय प्रथम निघाला तेव्हा आपल्यातील एक वडीलधारे माळकरी काका बैठकीत उठून म्हणाले होते, "धर्मादाय पैसा जीवहत्या करणाऱ्यांना द्यायचा? माझा विरोध लिहून घ्या." त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. आम्ही वाद घातला नाही. फक्त म्हणालो, "काका, एकदा पहाटे आमच्याबरोबर चला." ते आले. धापा टाकणारे मासे त्यांनी पाहिले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमच्या गळाने दोन मरतात. हे तर सगळेच मरायला लागले आहेत." त्यांचा विरोध आजही लिहिलेला आहे आणि तो त्यांनी मागे घेतलेला नाही. पण दर रविवारी वही घेऊन तेच सर्वांच्या आधी हजर असतात. माशाला हात लावीत नाहीत, आमच्या डब्यातले खात नाहीत, आणि नोंद चुकू देत नाहीत. त्यांच्याकडे पाहून आम्हांलाच आमच्या गळाची लाज वाटते, आणि लहान मासा आम्ही आता निमूटपणे परत सोडतो.

तेव्हा आमची न्यासापुढे तीन मागण्या आहेत.

पहिली : हंड्यांसाठी योजलेली रक्कम पाण्यातील प्राणवायू तपासण्याची पेटी, दोन चांगले उष्णतामापक आणि नोंदवह्या यांसाठी खर्च करण्यास अनुमती मिळावी. उरलेली रक्कम वसतिगृहाकडे जावी. मोबदल्यात वसतिगृहातील दोन विद्यार्थी दर रविवारी आमच्याबरोबर द्यावेत. आमचे डोळे थकत चालले आहेत, वही मात्र पुढे चालली पाहिजे.

दुसरी मागणी विशेषतः भगिनींना आहे. रोहू, कटला हे मासे पावसाळ्यात नव्या पाण्यात अंडी घालतात. म्हणून तापी जयंतीपासून नारळी पौर्णिमेपर्यंत नदीत गळ टाकायचा नाही, असे आम्ही ठरविले आहे. जयंतीनंतर चौथ्या दिवशी आषाढी एकादशी येते आणि चातुर्मास लागतो, त्यामुळे पुष्कळ घरांत हा नियम अर्धा पाळला जातोच. तेवढ्या काळात नदीची गाभोळीची मासळी घरात येणार नाही, असे आपण ठरविले तर नियम पुरा होईल. गाभोळीची चव आम्हांलाही ठाऊक आहे. मागणी सोपी नाही, याची जाणीव आहे. पण हे व्रत बाजारात नव्हे, स्वयंपाकघरातच सुरू होऊ शकते.

तिसरी : आपले आप्त भुसावळला आहेत, अमळनेरला आहेत, शिरपूर, शहादा, प्रकाशाला आहेत. सुट्टीत गावी जाल तेव्हा तेथल्या एखाद्या शिक्षकाला, एखाद्या भोई बांधवाला अशीच एक वही नेऊन द्या. भोई आणि कोळी समाजाला नदी आमच्याहून शतपटीने कळते, आमचा छंद हा त्यांचा पोटाचा धंदा आहे. त्यांनी चांगदेवाला लिहिले, कोणी प्रकाशाला लिहिले, आम्ही सुरतेला लिहिले, तर एकाच नदीची हकीकत वरपासून खालपर्यंत लागेल. पुढे कोणी जाणता अभ्यासक येईल आणि या पाण्यात कोणता मासा सोडावा की सोडूच नये, ते सांगेल. त्याला लागणारी वही आपल्या न्यासाच्या कपाटात असावी, एवढीच आमची इच्छा.

छापण्याजोगे छायाचित्र मात्र आमच्याजवळ नाही. वही मळलेली आहे, तिच्यावर कणकेचे डाग आहेत आणि काही पानांना मासळीचा वास येतो. काका ती आज घेऊन आले आहेत. बाहेर चहाच्या टेबलाशी ठेवली आहे, ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी अवश्य पाहावी. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही ओवाऱ्यावर आहोत. येणाऱ्याने काठी आणलीच पाहिजे असे नाही.